उशिरा कळणारा दोष

सोलापूरच्या चादरीची पारख दुकानात होत नाही. ती अनेक वर्षांच्या वापरात व धुण्यात होते, हे या नगरीतील गृहिणींस सांगावयास नको. हृदयात बसविलेल्या कृत्रिम झडपेचा इतिहासही काहीसा असाच आहे. शस्त्रक्रियेचे यश त्याच आठवड्यात दिसते; झडपेचा दोष मात्र वर्षांनी उघडकीस येतो.

हृदयाचे ठोके वर्षाला सुमारे पावणेचार कोटी पडतात आणि प्रत्येक ठोक्यास झडपेने उघडून मिटावयाचे असते. १९६० साली अमेरिकेतील पोर्टलंड शहरी डॉ. आल्बर्ट स्टार यांनी अभियंता लॉवेल एडवर्ड्स यांच्या साह्याने, पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप रोग्याच्या हृदयात बसविली. रोगी जगू लागले. परंतु पुढे काहींच्या झडपेतील सिलिकोनचा चेंडू रक्तातील स्निग्ध द्रव्ये शोषून फुगलेला व तडकलेला आढळला. चेंडू सुधारण्यात आला. मग रक्ताची गुठळी धरू नये म्हणून पिंजऱ्याच्या दांड्यांवर कापड चढविले. तो चेंडूच्या आघातांनी कापडच झिजू लागले! चेंडूच्या जागी तबकडी आली. १९७९ ते १९८६ या काळात सुमारे ८६,००० रोग्यांस बसविलेल्या एका ब्योर्क-शायली झडपेत, तबकडी धरणारा तारेचा आकडा कित्येकांच्या हृदयात अकस्मात तुटला. डुकराच्या झडपेपासून केलेल्या झडपेत गुठळीचे भय कमी. पण तीत चुना साठून ती कडक होते, व तरुणांत हे अधिक लवकर घडते.

आपल्याकडे ही अडचण विशेष जाणवते. घसा दुखून मागाहून सांधे धरणारा ज्वर बालपणीच झडपा बिघडवितो. म्हणून येथील रोगी बहुधा तरुण, व त्यास दीर्घकाळ टिकणारी झडप हवी. तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी झडप तयार झाली. आधीचे नमुने कसोटीस उतरले नाहीत. पुढे यशस्वी ठरलेली झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम मनुष्याच्या हृदयात बसविण्यात आली.

या इतिहासाचा बोध घरोघरी उपयोगी आहे. झडप बदलली म्हणजे रोग कायमचा संपला, असे मानू नये. धातूची झडप असल्यास रक्त पातळ ठेवणारे औषध वैद्यांच्या सल्ल्यावाचून सोडू नये. वर्षातून एकदा तरी तपासणी करवून घ्यावी. आणि धाप लागू लागली, ताप हटेना, अथवा झडपेचा नित्याचा टिकटिक आवाज मंदावला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.