शेणखत व जमिनीचा पूर्वेतिहास : रॉथॅमस्टेड येथील पुरावा

जुन्या कागदांत एखाद्या सालचें पीक भरपूर लिहिलेलें आढळलें, म्हणजे त्या सालीं खत व मशागत उत्तम होती, असें अनुमान आपण निःशंकपणें करतों. तें किती बेतानें केलें पाहिजे, हें दाखविणारा पुरावा इंग्लंडांत हर्टफर्डशायर परगण्यांतील रॉथॅमस्टेड येथें आहे. तो दप्तरांत नसून शेतांत आहे.

जॉन बेनेट लॉज ह्या जमीनदारानें जोसेफ हेन्री गिल्बर्ट ह्या रसायनज्ञाच्या साह्यानें १८४३ सालीं ब्रॉडबॉक नांवाच्या शेतांत गव्हाचे प्रयोग मांडले. एका पट्ट्यास कांहींच खत द्यावयाचें नाहीं, एकास दरसाल एकरीं १४ टन शेणखत द्यावयाचें, असा नेम ठरला व तो आजतागायत चालला आहे. अर्ध्या टनाची गाडी धरली, तर ह्या २८ गाड्या होतात. इतकें खत आपल्याकडील कोणत्या कुणब्यास दरसाल परवडेल? १८५२ पासून पुढील सुमारें ५० वर्षांची सरासरी पाहतां निखत पट्ट्यांत एकरीं सुमारें १३ बुशेल, तर शेणखताच्या पट्ट्यांत सुमारें ३५ बुशेल गहूं आला.

परंतु इतिहासाच्या दृष्टीनें खरें महत्त्व हूसफील्ड ह्या शेजारच्या शेतास आहे. तेथें जवाच्या एका पट्ट्यास १८५२ पासून १८७१ पर्यंत तेंच १४ टनांचें प्रमाण दिलें, आणि मग खत अजीबात बंद केलें. पीक प्रथम झपाट्यानें उतरलें, पुढें मात्र अगदीं सावकाश. शंभर वर्षें उलटल्यावरहि त्या मातींत सेंद्रिय अंश निखत मातीपेक्षां अधिक भरला. १९५० सालचें तेथील पीक पाहून त्या सालच्या खताचें माप काढणारा संशोधक साफ फसला असता. तें पीक अंशतः त्याच्या पणज्याच्या काळांतील शेणाचें होतें.

ह्याचें कारण उमगावयास रसायनशास्त्र पुरेसें झालें नाहीं. मातींतील नत्राचें नायट्रेट सजीव जंतु करितात, हें १८७७ सालीं श्लेझिंग व म्युंट्झ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं दाखविलें. लगेच रॉबर्ट वॉरिंग्टन ह्यानें रॉथॅमस्टेड येथें तो शोध पुढें चालविला. पुढें १९७६ सालीं तेथेंच जेंकिन्सन व पौल्सन ह्यांनीं मातींतील एकंदर जंतुराशि मोजण्याची रीत बसविली. त्या रीतीनें पाहतां शेणखताच्या पट्ट्यांतील जंतुराशि निखत पट्ट्याच्या सुमारें दुप्पट भरते. हे जंतु साठलेला अंश थोडाथोडा खाऊन पिकास पोंचवितात.

तथापि जें पिकास लागतें तेवढेंच जंतु करितात, असें नाहीं. कापणीनंतर शेत मोकळें असतांहि नायट्रेट होतच राहतें व पावसाबरोबर खालीं निघून जातें. ब्रॉडबॉकच्या पट्ट्यांखालीं १८४९ सालीं पन्हळी नळ घातले होते. त्यांतील पाण्याचें पृथक्करण ऑगस्टस व्होएल्कर ह्यानें १८६६ पासून केलें. शेणखताच्या पट्ट्याखालील नळ इतरांपेक्षां क्वचितच वाहे, कारण ती माती पाणी धरून ठेवी. त्यामुळें त्याचा तोटा फार दिवस झांकून राहिला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतील मोजणींत मात्र सर्वांत अधिक नायट्रेट त्याच पट्ट्यांतून जातें, असें ठरलें.

ह्याच व्होएल्करचा पुत्र जॉन ऑगस्टस हा १८८९ सालीं हिंदुस्थानांत आला. रयत शेण जाळते ती अज्ञानानें नव्हे, जळाऊ लांकूड मिळत नाहीं म्हणून, असें त्यानें १८९३ सालच्या आपल्या अहवालांत स्पष्ट लिहिलें, व सरपणासाठीं राखीव रानें करण्याची शिफारस केली.

दख्खनच्या उष्ण हवेंत सेंद्रिय अंश इंग्लंडापेक्षां लवकर जिरतो. सबब हूसफील्डचीं शंभर वर्षें येथें जशींच्या तशीं लागू करूं नयेत. तरीपण गांवठाणालगतच्या रानास अधिक आकार बसलेला दिसला, तर तेथें पिढ्यान्‌पिढ्या पडलेलें शेण, राख व पांढरीची माती ह्यांचा विचार जमाबंदीच्या अभ्यासकानें आधीं करावा, आणि मगच त्या सालच्या धन्याच्या कर्तबगारीकडे वळावें.