मांजरेची चढण

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी पहाटे मी गळ घेऊन नदीकडे निघतो. नदीत पाणीच नव्हतं ती सालं सोडली, तर हा नेम लहानपणापासून चालत आला आहे. केजला प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, निवृत्त झालो, पण आश्विन लागला की हात अजून बांबूच्या काठीकडे जातो.

दसऱ्याचाच मुहूर्त का, तर श्रावणात आमच्या घरी मासळी शिजत नाही आणि योगेश्वरी देवीच्या मुलखात नवरात्रही कडक पाळतात. शिवाय पाणीही तोवर गढूळच असतं. आश्विनात गाळ खाली बसतो, पाणी नितळतं, आणि पावसाळ्यात अंडी घालून रोडावलेला मासा पुन्हा तोंड लावायला लागतो. माणसाचा उपास सुटतो तेव्हाच माशाचाही सुटतो, असं मला शिकवणारे भोईबाबा म्हणायचे. "आधी पाणी बघावं, मग गळ बघावा," हेही त्यांचंच.

भोयांचा आणि मांजरा नदीचा संबंध तिच्यावरच्या धरणाहून कितीतरी जुना. जाळं त्यांचं, पुरातून उतरवून देणारी नाव त्यांची, आणि उन्हाळ्यात पात्र उघडं पडलं की वाळूत टरबूज-खरबुजांच्या वाड्याही त्यांच्याच. मासा हे त्यांच्या वर्षाचं एक पीक होतं. मांजरा पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, आमच्या केज तालुक्याला आणि पलीकडच्या कळंबला पाणी देत पुढे सरकते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून तेलंगणात गोदावरीला मिळते. आमची केजडी नदीही मांजरेलाच जाऊन मिळते.

खरी गंमत चढणीची. मृगाचा पहिला पूर आला की मासा पाण्याच्या उलट दिशेने निघायचा. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून बुडालेल्या गवतात. उथळ पाण्यात पाठी चकाकायच्या. लोक पाट्या, धोतरं, जे हाताला लागेल ते घेऊन धावायचे. मीही धावलो आहे. भोईबाबा मात्र त्या दिवसांत नदीवर यायचे, बसायचे आणि रिकाम्या हाताने परत जायचे. चढणीचा मासा पोटुशी असतो, त्याची वाट अडवू नये, एवढंच सांगायचे. तेव्हा ते पटलं नाही. आज वाटतं, नदीचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात होतं.

अशी चढण इतर नद्यांतही असते. अमेरिकेत कोलंबिया नावाची मोठी नदी आहे. तिथे शरदात सॅमन समुद्रातून नदीत शिरतात आणि जन्मल्या ठिकाणी अंडी घालायला वर चढतात. स्टीलहेड नावाचा त्यांचा भाऊबंदही त्याच वाटेने येतो. तिथल्या गळवाल्यांचा हंगाम तोच. आपल्या गोदावरीतही समुद्रातून चढणारा मासा आहे: हिल्सा. राजमहेंद्रीकडे नदीत आलेल्या हिल्साला पुलासा म्हणतात आणि पावसाळ्यात तिच्यासाठी लोक वाटेल तो भाव मोजतात. पण १८५२ साली आर्थर कॉटनने दवलेश्वरमचा बांध पुरा केला आणि तिची वरची वाट अडली. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने १८७३ सालीच आपल्या अहवालात अशा बंधाऱ्यांनी माशांची चढण तुटते हे लिहून ठेवलं होतं. म्हणजे हे दुखणं दीडशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

दुसरी भिंत आमच्या मांजरेवरच निजामाने घातली. १९२३ ते १९३१ या काळात निजामसागर बांधून झाला. बीड तेव्हा हैदराबाद संस्थानातच होतं; त्याच राज्यात, त्याच नदीच्या खालच्या अंगाला ही भिंत उभी राहिली. गोदावरीतून मांजरेत चढणाऱ्या माशाला तिथेच थांबावं लागलं. माझ्या वडिलांच्या पिढीने जी चढण पाहिली ती आधीच अर्धी होती, हे मला फार उशिरा उमगलं. आम्ही तिलाच पुरी समजत होतो.

तिसरी भिंत आमच्या डोळ्यांदेखत आली. धनेगावचं मांजरा धरण १९८० साली पूर्ण झालं. या धरणाने लातूर, अंबाजोगाई, केज, कळंबला पाणी दिलं आणि खालच्या शिवारांत ऊस उभा केला. त्याच्या विरोधात मी एक शब्द बोलणार नाही. माझ्या घरच्या माठातलं पाणी तिथलंच आहे. पण भिंतीत माशाला वर जायला वाट नाही. कोलंबियावर १९३८ च्या बॉनव्हिल धरणाला माशांसाठी पायऱ्या ठेवल्या, १९४२ च्या ग्रँड कूलीला ठेवल्या नाहीत, आणि त्या भिंतीच्या वर सॅमन येणं बंद झालं. पायरी ठेवणं माणसाला जमत होतं. ठेवायची की नाही, एवढाच प्रश्न होता.

मग जलाशयात मासा येतो कुठून? तो पेरावा लागतो. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशाला अंडी घालायला लावलं. तोवर कटला, रोहू, मृगळ यांचं बी मुख्यतः वाहत्या नद्यांतूनच गोळा करावं लागे. आता ते केंद्रात तयार होतं, बोटाएवढं वाढलं की बोटुकली म्हणून जलाशयात सुटतं आणि मच्छीमारांची सहकारी संस्था ठेक्याने ते धरते. आश्विनात माझ्या गळाला लागतो तो बहुधा हाच मासा. शेंगदाण्याची पेंड कणकेत मळून गोळी लावायची. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यात चरतो; रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला. तंगूस किती सोडायचा ते यावर ठरतं. कटल्याचा पहिला हिसका मनगटापर्यंत येतो आणि क्षणभर वय विसरायला होतं.

पण मन रमतं ते मरळीत. ती पेरावी लागत नाही, ती इथलीच. भिंतीखालच्या डोहात, लव्हाळ्याच्या कडेला तिची केशरी पिल्लं गोळ्याने फिरतात आणि खाली आईबाप राखण करतात. बेडकी लावून गळ टाकला की राखणदार झेप घेतोच, कारण तो पिल्लांसाठी झेपावतो. तो गेला की तासाभरात इतर मासे पिल्लांना फस्त करतात. असा एक राखणदार मी तरुणपणी धरला होता. पाण्यावरचा तो केशरी गोळा विस्कटताना पाहिला आणि पुन्हा पावसाळ्यात मरळीला गळ लावला नाही.

एका डोहात विहिरी फोडायचं जिलेटिन टाकलेलंही मी पाहिलं आहे. दहा मिनिटांत वाम, शिंगाडा, मरळ, झिंगे, लहानमोठं सगळं पांढरं पोट वर करून तरंगलं. टाकणाऱ्यांनी मोठे मासे वेचले, बाकीचे तसेच सोडून गेले.

२०१६ च्या उन्हाळ्यात धरण कोरडं पडलं. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, आणि आम्ही धनेगावच्या तळाच्या भेगाळलेल्या चिखलातून चालत गेलो. पेरलेला मासा संपला होता. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले. पुढच्या पावसाळ्यात भिंतीखाली मला मरळीची पिल्लं दिसली. ती कुठल्या तरी न आटलेल्या डोहात तगलेल्या आईबापांची.

महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीच्या नावाने मासे राखले आहेत, तिथे कुणी गळ टाकत नाही. आपल्या मांजरेवर, केजडीवर प्रत्येक गावाने असा एक डोह राखावा. मृग ते नवरात्र तिथे ना जाळं, ना गळ, ना जिलेटिन. दसऱ्यानंतर मी स्वतः तुमच्या शेजारी काठी घेऊन बसेन.