खरा सूर्य

सूर्य एकच आहे, ही गोष्ट रत्नागिरीच्या माणसाला पटवून देणे फार कठीण. त्याच्या मते त्या शहरात रोज संध्याकाळी निदान पाच-सहा सूर्य मावळतात आणि त्यांतला खरा फक्त त्याच्या आळीच्या टोकावरून दिसतो. बाकीचे पाहुण्यांसाठी असतात.

२०१० साली बँकेने माझी रत्नागिरीला बदली केली, तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. बदलीच्या हुकुमात ‘प्रशासकीय कारणास्तव’ असे लिहिले होते. हे कारण आमच्या धंद्यात परमेश्वरासारखे आहे. ते सर्वत्र असते, पण अजून कोणाला दिसलेले नाही. आई, बायको आणि सहा वर्षांची मुलगी यांना पुण्यात ठेवून मी एक बॅग, एक वळकटी आणि बी.कॉम.ची पदवी एवढ्या भांडवलावर थिबा पॅलेस रोडच्या बाजूला एका खोलीत डेरा टाकला.

घरमालकांना सगळी आळी नाना म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, “संध्याकाळचं काय करता?”

“काही नाही.”

“मग सूर्यास्त बघत जा. फुकट असतो.”

पुण्याच्या माणसाला एवढी शिफारस पुरते. सोमवारी मी मांडवीला गेलो. तिथली वाळू काळसर म्हणून गावात त्याला काळा समुद्र म्हणतात. परत आल्यावर नानांनी कपाळाला हात लावला. “कोणी सांगितलंन तुम्हाला मांडवी? मांडवीस तो मावळत नाही हो, नुसता बुडतो!” मंगळवारी कॅशियरच्या सल्ल्याने पांढऱ्या समुद्रावर गेलो. बुधवारी शिपाईमामांनी भाट्याचा पूल ओलांडून सुरूच्या बनात पाठवले. तिथे सूर्य उत्तम होता, पण तो तळहातावर घेऊन फोटो काढणाऱ्यांची रांग एवढी मोठी, की माझा नंबर येईपर्यंत काउंटर बंद झाला. गुरुवारी रत्नदुर्गावर जायचे ठरले. त्या दिवशी नेमका कॅशमध्ये पंधरा रुपयांचा फरक आला. तो सापडून मी किल्ला चढेपर्यंत सूर्याने आपले पुस्तक मिटले होते. भगवतीचे दर्शन घेतले आणि दीपगृहाच्या दिव्याकडे बघत खाली उतरलो.

शुक्रवारी नाना म्हणाले, “आता माझं ऐका. घराजवळचं सोडून गावभर हिंडताय. थिबा पॉइंटवर चला. थिबाराजानं तीस वर्षं तिथून सूर्यास्त बघितलान. राजा होता तो. काही बघूनच जागा निवडलीन असेल ना?”

थिबा पॉइंट राजवाड्यापासून थोड्या अंतरावर आहे. खाली काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते, तिच्यावरचा पूल दिसतो आणि पुढे सगळा अरबी समुद्र. सूर्यही दिसला, अगदी नाना म्हणाले तसा. पण मला खटकला तो तीस वर्षांचा आकडा. दुसऱ्याने मारलेली बेरीज पुन्हा मारून बघितल्याशिवाय बँकेतल्या माणसाला झोप येत नाही. मी वाचनालयाचा सभासद झालो.

तर हा थिबा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. जन्म १८५९ चा, गादीवर बसला १८७८ साली. गादी पक्की करण्यासाठी पुढच्याच वर्षी त्याच्या दरबाराने राजघराण्यातली डझनावारी माणसे मारून टाकली. तेव्हा त्याच्याविषयी वाईट वाटून घेण्याआधी एवढी नोंद खर्चाच्या बाजूला घालून ठेवावी. जमेच्या बाजूला एवढेच, की तो वीस वर्षांचा होता आणि राज्य त्याची राणी सुपायालात आणि तिची आई चालवतात, असे सगळे म्हणत. या बाबतीत आपण फार बोलू नये. आपापल्या घरी आपणही राजेच आहोत.

त्याचे राज्य गेले ते लाकडाच्या हिशेबावरून. बॉम्बे-बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची, आपल्या मुंबईचे नाव लावणारी एक इंग्रज कंपनी होती. ती ब्रह्मदेशच्या जंगलातून सागवान तोडून नेई. १८८५ साली थिबाच्या दरबाराने म्हटले, की कंपनीने नेलेले ओंडके जास्त आहेत आणि पैसे भरले आहेत कमी. दंड ठोठावला तेवीस लाख रुपये. वास्तविक हे प्रकरण दोन कारकुनांनी समोरासमोर बसून, खतावण्या ताडून, चहाच्या दोन फेऱ्यांत मिटवायचे. पण इंग्रजांना फ्रेंचांचा मंडालेतला शिरकाव आधीच खुपत होता आणि त्यांना निमित्त हवे होते. नोव्हेंबरच्या १४ तारखेला फौजा निघाल्या, २८ ला मंडाले पडले. पुरते पंधरा दिवस. आमच्याकडे डुप्लिकेट पासबुकाला यापेक्षा जास्त लागतात.

२९ नोव्हेंबरला राजा-राणीला बैलगाडीतून नदीवर नेले आणि आगबोटीत चढवले. आगबोटीचे नाव होते ‘थूरिया’. थूरिया म्हणजे सूर्य. पालीतला ‘सुरिय’ बर्मी जिभेवर बसला की असा होतो. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही म्हणून जगाला सांगितले जाई, त्याने एका राजाला सूर्य नावाच्या बोटीत घालून मावळतीच्या दिशेने पाठवून दिले. रंगून, मग मद्रास आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी. समोर समुद्र, पाठीशी सह्याद्री आणि ब्रह्मदेश हिंदुस्थानाच्या पार पलीकडे. पळून जाणार कुठे आणि भेटायला येणार कोण?

इंग्रजांचे बदल्यांचे धोरण मात्र एकदम पक्के. दिल्लीच्या बहादूरशहाला १८५८ साली रंगूनला धाडले. तो तिथेच १८६२ साली वारला. मंडालेच्या थिबाला रत्नागिरीला आणले. आणि १९०८ साली रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना उचलून मंडालेला नेले, तेही जुन्या राजवाड्याभोवतीच्या किल्ल्यातल्या तुरुंगात. म्हणजे मंडालेचा धनी रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा सुपुत्र मंडालेच्या धन्याच्या आवारात! आमच्याकडे याला म्युच्युअल ट्रान्सफर म्हणतात. फक्त आमच्यात दोन्ही अर्जदारांच्या सह्या लागतात.

आता नानांची बेरीज. राजा रत्नागिरीत होता खरा तीस वर्षे आठ महिने. पण चोवीस वर्षे त्याने सरकारने दिलेल्या बंगल्यांत काढली. खास त्याच्यासाठी बांधलेला हा राजवाडा त्याला मिळाला १९१० च्या नोव्हेंबरात. (त्याच हिवाळ्यात तिकडे टिळक मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहीत होते. एक घर लावत होता, दुसरा गीता लावत होता.) शिवाय राजाला पहारा होता. बाहेर पडायचे तर परवानगी लागे, म्हणजे पॉइंटवर जाऊन चणे खात बसण्याची सोय नव्हती. बघायचे ते आपल्या घरातून. दुर्बीण लावून तो समुद्रातल्या बोटी न्याहाळीत बसे, असे सांगतात.

हे सगळे मी नानांना सांगितले. नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे जागा त्यानं निवडली नाहीच म्हणा.”

“नाही.”

“मग बघत काय असेल हो?”

मलाही तेव्हा ते ठाऊक नव्हते. मी एकापाठोपाठ एक विनंती बदलीचे अर्ज करण्यात गुंतलो होतो. ‘आईची प्रकृती बरी नसते, मुलगी लहान आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ राजाही अर्जच करीत असे, हे वाचून मला पहिल्यांदा जरा गंमत वाटली. तनखा पुरत नाही, देणी झाली आहेत, घर अपुरे आहे. पदरचे माणिक विकून तो दिवस काढी आणि पुन्हा अर्ज करी. त्याच्या अर्जांचा मायना माझ्यापेक्षा भारदस्त असणार, पण फाइल दोघांचीही एकाच जातीची. फरक इतकाच, की माझ्या अर्जावर ‘विचाराधीन’ असे तरी उत्तर येई, आणि महिन्यातून एकदा शनिवारी रात्रीच्या एसटीने मला घरी जाता येई.

थंडी सुरू झाली तशी मुलीने एक खेळ काढला. मी पॉइंटवर पोचलो, की ती पुण्याहून आईच्या फोनवरून बोलायची.

“बाबा, आमचा गेला. तुझा?”

“माझा आहे अजून.”

“किती?”

“चार मिनिटं.”

पुणे रत्नागिरीच्या थोडे पूर्वेला आणि थोडे उत्तरेला. म्हणून थंडीत तिचा सूर्य माझ्याआधी चार-पाच मिनिटे जातो. ती चार मिनिटे ती फोन ठेवायची नाही. तिकडे गेलेला सूर्य इकडे अजून आहे, याचे तिला मोठे कौतुक. मला मात्र त्या चार मिनिटांत घर किती लांब आहे ते अचूक कळायचे.

एका संध्याकाळी फोन ठेवल्यावर सहज मंडालेचा हिशेब केला. रेखांशांचा फरक साधारण पावणेतेवीस अंश. अंशाला चार मिनिटे. एक्याण्णव मिनिटे, म्हणजे दीड तास! राजा इथे ज्या सूर्याकडे बघत होता, तो त्याच्या गावात केव्हाच मावळून, तिथे दिवे लागून, जेवणेसुद्धा झाली असतील. तिकडे वटून रद्द झालेला चेक त्याला इथे दुर्बिणीतून बघायला मिळत होता. आणि एकदा नव्हे. तीस वर्षे आठ महिने म्हणजे सुमारे अकरा हजार दोनशे संध्याकाळी. कोकणातला पावसाळा म्हणून चार महिने वजा केले, तरी साडेसात हजारांच्या आसपास शिल्लक राहतात. मी त्या दिवशी पॉइंटवर जरा जास्त वेळ बसलो. पुढचा अर्ज लिहिताना ‘वनवास’ हा शब्द मी गाळला.

थिबा १९१६ च्या डिसेंबरात गेला. राणीची इच्छा त्याला ब्रह्मदेशात नेण्याची. सरकार तयार होईना. धाकटी राणी १९१२ सालीच गेली होती. त्या दोघांच्या शवपेट्या दफनाशिवाय राजवाड्याच्या आवारात वाट बघत राहिल्या. अखेर १९१९ साली रत्नागिरीतच दफन झाले आणि त्याच वर्षी सुपायालातला मायदेशी जाऊ दिले. तेसुद्धा रंगूनपर्यंत, मंडालेला नाही. १९२५ साली ती रंगूनलाच वारली. बहादूरशहा त्याच शहरात. तीन अर्जदार, तिघेही भलत्याच शाखेत कायम.

थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीची झाली. राजवाड्यात कामाला असलेल्या इथल्याच एका माणसाशी तिचे सूत जुळले होते. १९४७ साली ती इथेच वारली. तिची मुलगी इथे वाढली, मराठी बोलली, हालअपेष्टांत संसार केला आणि २००० साली इथेच गेली. नानांनी तिला पाहिले होते. “ब्रह्मदेशाची वाटायची चेहऱ्यावरनं,” ते म्हणाले, “पण बोलायला लागली की आपलीच.” आजोबांची काळ्या पाण्याची शिक्षा, नातीचे माहेर झाली. तिला इथला सूर्य कधी दीड तास उशिरा आला नसेल.

२०१२ च्या फेब्रुवारीत माझ्या बदलीचा हुकूम आला. या वेळी ‘विनंतीवरून’. शेवटच्या संध्याकाळी नाना आणि मी पॉइंटवर गेलो. आभाळ नेमके गढूळ होते. क्षितिजाच्या वर हातभर अंतरावरच सूर्य धुरकटात शिरला तो दिसलाच नाही. नानांना फार लागले. पाहुण्याला जेवायला बोलवावे आणि आमटी खारट व्हावी, तसा त्यांचा चेहरा झाला.

“थांबा हो, निघेल बाहेर,” ते म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. “बाबा, आमचा गेला. तुझा?”

“दिसत नाहीये.”

“मग काय करणार?”

“काही नाही. उद्या तुमचाच बघेन.”

नाना माझ्याकडे बघत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, “त्या राजाला कोणी असं विचारायला हवं होतं.” मग धोतर झटकून उठले. “चला, भात निवला असेल.”

त्याच वर्षी डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या कबरीवर येऊन गेल्याचे मी पुण्यात पेपरात वाचले. शहाण्णव वर्षांनी त्याच्या घरून माणूस आला. कात्रण मी नानांना पोस्टाने पाठवून दिले.

अजूनही कोणी रत्नागिरीला निघाले, की मला विचारतात, “सूर्यास्त कुठून बघावा?” मी सांगतो, कुठूनही बघा. मांडवी बघा, भाट्ये बघा, रत्नदुर्ग चढा. फक्त परतीचे तिकीट खिशात आहे ना, ते चाचपून बघा. सूर्यास्ताला जी काही शोभा आहे, ती निम्मी त्या तिकिटाची आहे.

आमच्या इथे सूर्य रोज समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे मावळतो. गच्चीत उभे राहून मी तो बघतो. मुलगी आता मोठी झाली आहे. घरी असली तर तीही येते. एकदा मोठ्या अभिमानाने मी नानांना फोनवर सांगितले, की आमचाही सूर्यास्त काही वाईट नाही.

नाना म्हणाले, “असेल. पण तो खरा नव्हे.”