पांढरी, कूड आणि माळवद : मातीच्या घराचा इतिहास व त्याची परिभाषा

मराठी मुलखातील गावाची भूमी परंपरेने दोन शब्दांत सांगितली जाते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशातही पांढरीचा हा अर्थ नोंदलेला आहे. जुन्या व्यवहारात हे शब्द इतके रुळले की त्यांत मातीच्या रंगाचा निर्देश आहे, हे ऐकणाराच्या सहसा ध्यानातही येत नाही. परंतु ही विभागणी केवळ महसुलाची नव्हे. ती बांधकामाचीही आहे. काळी माती उन्हाळ्यात आकसते व तिला हात हात खोल भेगा पडतात. पावसाळ्यात ती फुगते. तिची भिंत उभी केली तर एका वर्षात तडकेल. पांढरी माती तशी हलत नाही. ती गाळाची, चुनखडीच्या अंशाची, राखेने व वस्तीच्या केरकचऱ्याने मिश्र झालेली असते. भिंतीला व धाब्याला तीच चालते. घर कशाचे बांधावे आणि कशाचे बांधू नये, याविषयीचे पहिले ज्ञान या दोन शब्दांच्या जोडीत साठविलेले आहे.

आसपास मिळणाऱ्या नैसर्गिक मालातून आपले घर आपणच बांधावे, ही कल्पना अलीकडे सुशिक्षितांत पुन्हा आदराची झाली आहे. तिच्या चर्चेत बहुधा मालाचाच विचार होतो : माती थंड असते, बांबू लवकर वाढतो, चुना श्वास घेतो, इत्यादी. हे खोटे नाही. पण अपुरे आहे. मराठीतील गृहबांधणीची परिभाषा तपासली असता निराळीच गोष्ट समोर येते. मातीचे घर मातीवर उभे नसे. ते दरवर्षी करावयाच्या कामांवर आणि त्या कामांच्या जाणतेपणावर उभे असे. ते जाणतेपण जेथे तुटले, तेथे तीच माती जीवघेणी ठरली.

या बांधणीची प्राचीनता उत्खननांनी सिद्ध केली आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांनी जे उत्खनन केले, त्यात इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शंभराहून अधिक घरे उघडकीस आली. चोपून केलेल्या जमिनी, खांबांचे खळगे, बुटकी मातीची भिंत व तिच्यावर काटक्यांचा लिंपलेला कूड, अशी त्यांची साधारण रचना आहे. सुबत्तेच्या जोर्वे काळात ही घरे चौकोनी व ऐसपैस होती; इसवी सनापूर्वी १००० नंतर त्यांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली. हवामान कोरडे होत जाऊन शेती खालावली, असे त्याचे कारण ढवळीकरांनी दिले आहे. माल तोच, हातही त्याच समाजाचे. तरी घर बदलले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

अशा प्राचीन वस्त्यांचा शोध पुष्कळदा ज्या मार्गाने लागतो, तोही पांढरीचाच मार्ग आहे. ओस पडलेली मातीची घरे पावसाने विरघळतात, त्यांवर पुन्हा वस्ती होते, तीही विरते, आणि शतकानुशतके असे होत जाऊन नदीकाठी टेकाड तयार होते. गावकरी त्या टेकाडाची माती खणून नव्या भिंतींसाठी व धाब्यांसाठी नेतात. पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने हा विध्वंस आहे आणि त्यांची तक्रार रास्तच आहे. गावकऱ्यांच्या दृष्टीने मात्र ती वापरून सिद्ध झालेली माती आहे : पूर्वजांचे घर विरून नातवाचे घर होते. मराठवाडा, खानदेश व वऱ्हाड येथील देशमुख-पाटलांच्या पांढऱ्या मातीच्या गढ्यांची पडझड झाल्यावर त्यांच्या मातीचेही पुष्कळ ठिकाणी हेच झाले.

आता शब्दांकडे वळावे. घर, भिंत, कूड, माती, वीट, खांब, तुळई, दार हे सर्व शब्द तद्भव आहेत. भिंत ही ‘भित्ति’पासून, कूड हा ‘कुड्य’पासून, माती ‘मृत्तिके’पासून, वीट ‘इष्टके’पासून आली. याउलट इमारत, मजला, कमान, बुरूज, तख्तपोशी, गिलावा हे शब्द फारसीच्या द्वारे आले. त्यांतील गिलावा विशेष मनोरंजक आहे. फारसीत ‘गिल’ म्हणजे चिखलमातीच. म्हणजे घरच्या बाईने भिंतीला दिला तर तो लिंप, आणि कारागिराने मजुरी घेऊन दिला तर तो गिलावा. वस्तू मुळात एकच. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीजांकडून, सिमेंट व स्लॅब इंग्रजीतून. स्थूलमानाने असे म्हणता येईल की, जे काम कुटुंब स्वतः करी त्याचे शब्द घरचे राहिले आणि जे काम पैसे देऊन करवून घ्यावे लागे त्याचे शब्द परके आले. हा नियम काटेकोर नाही. चुना हा ‘चूर्णा’पासून आलेला तद्भव शब्द आहे, पण चुन्याची घाणी चालविणे हे घरचे काम कधीच नव्हते. तथापि एकंदर कल स्पष्ट आहे.

नामांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी आहेत. ‘बांधणे’ हे एकच क्रियापद घर एकदा उभे करण्याविषयी आहे. त्याचा मूळ अर्थ दोरीने बांधणे असा असल्याने कारवीच्या व बांबूच्या घराशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण संस्कृतात सेतूही ‘बांधला’ जातो, तेव्हा ती ओढाताण नको. उरलेली क्रियापदे पाहावीत : सारवणे, लिंपणे, पोतारणे, चोपणे, शाकारणे. ही सगळी पुनःपुन्हा करावयाच्या कामांची आहेत. जमीन चार-आठ दिवसांनी सारवावयाची, भिंत पावसाळा सरल्यावर दसऱ्या-दिवाळीच्या आधी लिंपावयाची, छप्पर मृग लागण्यापूर्वी शाकारावयाचे. फारसीतून आलेल्या ‘दुरुस्ती’च्या आजच्या कल्पनेत काही तरी बिघडलेले असते, शाकारणीत काही बिघडलेले नसते. ती ऋतूची गोष्ट आहे, पेरणीसारखी. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती चपटी कौले किनाऱ्याने व रेल्वेने पसरली, तेव्हा शाकारणीचे काम बरेच हलके झाले. पत्र्याने ते संपविले. कामाबरोबर शब्दही शहरी मराठीतून गेला.

कोकणातील व सह्याद्रीच्या उतारांवरील कूड हा या कालगणनेचा उत्तम नमुना होय. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळते. तिच्या सरळ काठ्या उभ्या लावून आडव्या कामट्यांनी बांधावयाच्या व दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपावयाच्या, की भिंत झाली. ठाणे-पालघरकडील वारल्यांची चित्रे मुळात याच भिंतींवरील गेरूच्या लिंपणावर तांदळाच्या पिठाने काढलेली असत. अशी भिंत भार घेत नाही. भार लाकडी मेढी घेतात. ती हलकी असते, सहज बदलता येते, आणि पडली तरी माणूस मरत नाही. हे शेवटचे वैशिष्ट्य पुढे महत्त्वाचे ठरणार आहे.

‘स्वतः बांधलेले घर’ या शब्दप्रयोगाविषयीही सावध राहावयास हवे. बारा बलुतेदारांच्या प्रचलित याद्यांत सुतार व लोहार असतात, गवंडी सहसा दिसत नाही. त्यावरून सामान्य शेतकऱ्याच्या घराच्या भिंती गवंड्यावाचून उभ्या राहत, असे अनुमान निघते. परंतु त्या एकट्याने उभ्या राहत नसत. चिखल तुडविणे, तो मुरविणे, तुळया चढविणे ही कामे सावडीने व इर्जिकीने होत : आज माझ्याकडे तू, उद्या तुझ्याकडे मी. जेथे दगडमातीची ओढ अधिक, तेथे वडार लागत. आणि सारवण-लिंपण हे पूर्णपणे स्त्रियांचे श्रम होते. त्यांची नोंद कोणत्याही कागदात नाही, कारण त्यांना मजुरी नव्हती. मातीचे घर स्वस्त असते असे म्हणताना हे श्रम हिशेबातून गाळलेले असतात. ज्या पिढीतील स्त्रियांनी फरशी बसवून घेतली, त्यांना परंपरेचा विसर पडला असे म्हणणे अन्यायाचे होईल.

सुशिक्षितांनी बुद्धिपुरस्सर मातीकडे वळण्याचा विदर्भातील प्रसिद्ध प्रसंग म्हणजे सेवाग्राम. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास गेले. तेथील कुट्या माती, बांबू, लाकूड व देशी कौले यांच्या. आज बापू-कुटी म्हणून ओळखली जाणारी वास्तू आधी मीराबेनची होती व तिच्या भिंतीवर त्यांनीच मातीची उठावाची चित्रे केली. ती वास्तू टिकली आहे, कारण तिची नित्य निगा राखणारी संस्था तिच्यामागे उभी आहे.

अशी निगा जेथे एकाच अंगाने झाली, तेथे काय घडले ते लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरील गावांत दिसले. या भागातील घर माळवदाचे असे. लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. घराचा आकार खणांत सांगत. सभोवार काळ्या दगडाची, चिखलात रचलेली, दोन ते चार फूट जाडीची भिंत. मूळ तत्त्व असे की, छप्पर सांगाड्याने पेलावे व भिंतीने फक्त आडोसा करावा. उन्हाळ्यात असे घर सुखद असते, यात शंका नाही.

परंतु माळवद गळते. दर पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती घालावयाची हा शिरस्ता होता. जुनी उपसून काढावयाची हा कष्टाचा भाग मात्र टळत गेला. थर वाढत वाढत दीड-दोन फुटांवर गेला. दहा फूट लांब-रुंद खोलीवरील दोन फूट मातीचे वजन नऊ टनांच्या घरात जाते. दुसरीकडे चांगले लाकूड दुर्मिळ झाले. सांध्यांत कसब उरले नाही, आणि कित्येक घरांत तुळया सरळ भिंतीवरच टेकविल्या गेल्या. ती भिंतही दोन सुट्या पाळींची, मधल्या पोकळीत बारीक दगड व माती भरलेली. दोन्ही पाळींना जखडणारे, आरपार जाणारे लांब दगड तीत घातलेले नसत. बाहेरून भक्कम दिसणारी ही भिंत वस्तुतः एकमेकींना पाठ लावून उभ्या असलेल्या दोन कमकुवत भिंती होत्या.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात ६·२ प्रतीचा भूकंप झाला. तत्कालीन मानक नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. सुमारे आठ हजार माणसे मेली. बहुतेक झोपेत, आपल्याच घराच्या दगडमातीखाली. नंतरच्या पाहण्यांत दोन गोष्टी आढळल्या. जेथे लाकडी सांगाडा नीट जोडलेला होता, तेथे काही ठिकाणी भिंती ढासळूनही तो उभा राहिला. आणि गवती छपरांच्या, हलक्या भिंतींच्या झोपड्या बहुतांशी वाचल्या. गावातील सर्वांत गरीब घर त्या पहाटे सर्वांत सुरक्षित ठरले.

यावरून माती वाईट असे ठरत नाही. त्याच वर्षी भारतीय मानक संस्थेने मातीच्या घरांच्या भूकंपसुरक्षेसाठी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. जुन्या घरांच्या मजबुतीकरणासाठी तज्ज्ञांनी सुचविलेले उपाय साधे होते : माळवदाची माती कमी करावी, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवावेत, खांब व तुळई यांच्या सांध्याला तिरका आधार द्यावा, घराला सर्व बाजूंनी पट्टा बांधावा. यांतील पहिले तीन तरी कोणत्याही जाणत्या सुताराला व पाथरवटाला परके वाटू नयेत. पण ज्यांनी आपली माणसे ढिगाऱ्यातून काढली, त्यांचा दगडावरचा विश्वास उडाला होता. त्यांनी काँक्रीट मागितले. ती मागणी अडाणीपणाची नव्हती.

येथे शासकीय मराठीतील एका शब्दजोडीचा विचार करणे अगत्याचे आहे. गृहनिर्माणाच्या योजनांत, विशेषतः २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत, घरे ‘कच्ची’ व ‘पक्की’ अशी विभागली जातात. पक्क्यात मातीला स्थान नाही. जुनी बोली घराला त्याच्या मालावरून ओळखीत असे : कुडाचे, धाब्याचे, माळवदाचे, कौलारू, चिरेबंदी. यांतील प्रत्येक शब्द ऐकताच त्या घराला कोणती निगा लागेल ते कळे. ‘कच्चे’ या शब्दाने तेवढे कळत नाही. उलट कारवीचे हलके घर व दोन फूट मातीखाली वाकलेले माळवद एकाच रकान्यात जाऊन बसतात. किल्लारीच्या पहाटे या दोहोंत जीवनमरणाचे अंतर होते.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. जुन्या पांढरीवर दगडांचे ढीग राहिले. नव्या वसाहतींसाठी शेतजमिनी संपादन करण्यात आल्या. गावे काळीवर गेली.