फुलहॅमचा प्रश्न

पंडिता रमाबाईंचा विषय निघाला की आपल्या वाङ्मयेतिहासात त्यांचे दोन भाग पडतात. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करणाऱ्या आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडणाऱ्या रमाबाई आपल्याला हव्याहव्याशा वाटतात. पुढच्याच वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा घेणाऱ्या रमाबाईंविषयी मात्र आपण संकोचाने बोलतो. सेवा निराळी आणि श्रद्धा निराळी, अशी ही सोयीची वाटणी आहे. रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत लिहिलेली आत्मसाक्ष वाचताना ती टिकत नाही, असे आम्हांला वाटते.

त्या साक्षीतला कळीचा प्रसंग लंडनमधील फुलहॅमचा आहे. वाँटेजच्या ज्या भगिनीसंघाकडे रमाबाई राहत होत्या, त्याच संघाचे तेथे ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह होते. समाजाने टाकलेल्या स्त्रिया तेथे सावरल्या होत्या आणि इतर पीडितांची सेवा करीत होत्या. अशा स्त्रीला शास्त्राने सांगितलेले कठोर शासन रमाबाईंना तोंडपाठ होते; तिच्याविषयीची अशी कणव त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. ही माणसे असे का वागतात, असा प्रश्न त्यांनी केला. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली.

येथील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी सेवा दिसली, मग तिचे कारण शोधताना धर्म भेटला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे तर त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगले.

ज्यांनी आसरा दिला त्यांच्यापुढेही रमाबाईंनी मान तुकवली नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या त्रैक्याच्या सिद्धान्तावर वाद घालतात. पुरोहितांचे एक जोखड टाकल्यावर दुसरे मानेवर घेणार नाही, असे बजावतात. मदत घेतली म्हणून सदसद्विवेक गहाण पडत नाही, हा त्यांचा बाणा होता. पुढे त्या स्वतः मदत देणाऱ्या झाल्या, तेव्हा हीच कसोटी त्यांना लागू झाली.

१८८९ साली मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलवलेले शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचे होते. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या आणि वादळ उठले. दार सर्वांना उघडे आहे, सक्ती कोणावरही नाही, ही त्यांची भूमिका. १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांना केवळ सनातनी म्हणून मोडीत काढणे न्याय्य नाही. आश्रयदातीच्या उघड्या दारातही एक ओढ असते.

१८९६-९७च्या दुष्काळाने हा प्रश्न अधिक अवघड केला. स्वतःचे आईवडील दुष्काळातच गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात हिंडून उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात ख्रिस्ती शिकवण उघड होती. जिचा जीवच त्या अन्नावर तगला, तिच्या होकाराला कितपत स्वतंत्र म्हणावे? ही शंका आम्ही दडवू इच्छित नाही. पण त्या मुलींना दुसरे कोणते दार उघडे होते, हेही त्याच दमात विचारले पाहिजे. केडगावात समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभे राहिले. फुलहॅममध्ये विचारलेल्या प्रश्नाचे ते रमाबाईंनी दिलेले उत्तर होते.

अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. साध्या बायांना कळावे, हा हेतू. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या हातही त्याच स्त्रियांचे होते. १९२२ साली रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला. ज्यांच्या वतीने इतरांनीच बोलावे अशी रीत होती, त्यांना त्यांनी अक्षर दिले. अक्षर आलेली स्त्री उपकारकर्त्यालाही प्रश्न विचारू शकते. सिस्टर जेराल्डीनना पत्रे लिहिणाऱ्या रमाबाईंना हे ठाऊक नसेल, असे आम्हांला वाटत नाही.