वेगाची शर्यत आणि आपली अक्षरे

मोठ्या फाइलमधून एखादा शब्द कोण लवकर शोधतो, यावर संगणकवाले तासन्‌तास वाद घालतात. ग्रेप, सेड, ऑक हे त्यांच्या आखाड्यातले पहिलवान. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला या शर्यतीचे काय? पण तिच्या इतिहासात आपल्या लिपींचाही हिशेब आहे.

गोष्ट अमेरिकेतल्या बेल लॅब्जची. ली मॅकमॅहन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’च्या 85 निबंधांपैकी कोणता कुणाचा, हे शब्दांवरून ताडायचे होते. ‘एड’ या संपादकात एवढा मजकूर मावेना. तेव्हा केन थॉम्पसन यांनी एडमधला शोधाचा भाग वेगळा काढला, आणि 1973 मध्ये ग्रेप युनिक्समध्ये आला. तो पूर्ण फाइल उचलत नाही. ओळ वाचतो, तपासतो, पुढे जातो. नंतर मॅकमॅहन यांनीच सेड लिहिला. 1977 मध्ये आलेला ऑक ओळीचे रकाने पाडतो. साध्या शोधात तो बहुधा मागे पडतो, पण रकान्यांची बेरीज हवी तर ग्रेप कामाचा नाही.

1988 मध्ये माइक हार्टेल यांनी ग्नू ग्रेप लिहिला. त्यात 1977 ची बॉयर-मूर पद्धत होती. ती शब्दाच्या शेवटच्या अक्षरापासून तपासते. जुळले नाही तर मधले न वाचताच पुढे उडी मारते. वेगाचे मर्म हेच, कमीत कमी वाचणे.

पण या हत्यारांचा जन्म झाला तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट, असेच गृहीत होते. ते इंग्रजीला चालले. 1992 मध्ये त्याच थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासह यूटीएफ-8 रचले. त्यात उर्दू अक्षराला 2 आणि देवनागरी चिन्हाला 3 बाइट लागतात. ‘किताब’ मराठीत लिहिले तर 15 बाइट, उर्दूत 8.

वेगासाठी अनेकजण ग्रेपला फक्त बाइट मोजायला लावतात. नेमका शब्द तरीही बरोबर सापडतो, ही यूटीएफ-8 ची करामत. पण ‘कोणतेही एक अक्षर’ शोधा म्हटले की आपल्या अक्षराचे तुकडे होतात. शिवाय अरबी ‘ये’ आणि उर्दू ‘ये’ यांचे संकेतांक वेगळे. शब्दाच्या मध्ये दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, ग्रेपला नाही. अशा मजकुरात सर्वांत वेगवान हत्यार सर्वांत लवकर ‘सापडले नाही’ एवढेच सांगते.

उर्दू-मराठीचे जुने ग्रंथ आज संगणकावर येत आहेत. न सापडणारा शब्द हरवल्यातच जमा. म्हणून आधी लेखन एकसारखे करू या, सेकंद नंतर मोजू.