गिरणीतला पट्टा, मोटारीतला पट्टा

वांगणी हे कल्याण-कर्जत लोहमार्गावरचे स्टेशन. त्याच्या एका दिशेला, मुंबईत, कापडगिरण्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिशेला, भिवपुरी-खोपोलीला, त्यांना वीज पुरवणारी जलविद्युत केंद्रे आली. या दोन टोकांमध्ये घडलेला एक बदल समजला, की ‘लहान पुली बसवा, गाडीची ताकद वाढवा’ या सल्ल्याची पारख आपल्याला सहज करता येते.

१८५४ साली कावसजी दावर यांनी सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. त्या काळच्या गिरणीत वाफेच्या एका मोठ्या इंजिनावर छतालगतचे लांब दंड फिरत आणि दंडावरच्या पुलींवरून पट्ट्यांनी खालची यंत्रे चालत. कोणते यंत्र किती वेगाने फिरणार हे दोन पुलींच्या व्यासांवर ठरे. काही यंत्रे बंद असली तरी दंड फिरतच राहत आणि घर्षणात शक्ती वाया जाई.

१९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. १९१५ मध्ये खोपोलीचे आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. गिरण्यांमध्ये वाफेच्या इंजिनाची जागा विजेची मोटर घेऊ लागली. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर आली, तेव्हा छतालगतच्या दंडाचे कामच संपले.

मोटारीच्या बॉनेटखाली मात्र ती जुनी गिरणी टिकून राहिली. इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरची पुली पट्ट्याने अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही फिरवते. समजा, क्रँकची पुली १५० मिलिमीटर व्यासाची आणि अल्टरनेटरची ६० ची आहे. इंजिनाच्या एका फेऱ्यात अल्टरनेटरचे अडीच फेरे होतील. क्रँकवर १२० मिलिमीटरची पुली बसवली तर दोनच होतील. हीच ‘अंडरड्राइव्ह’ पुली. तिच्यामुळे पट्ट्यावरचे प्रत्येक उपकरण २० टक्के हळू फिरते.

यात फायदा किती? पाण्याच्या पंपाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. ०.८ चा घन ०.५१२, म्हणजे पंपाची भूक जवळजवळ निम्मी होते. आकडा मोहक आहे! पण मिनिटाला ६००० फेरे असताना पंप जेवढी शक्ती खातो, तिचा सत्ताविसावा भागच तो २००० फेऱ्यांना खातो. म्हणजे खरी बचत शर्यतीच्या वेगाला होते. गावातल्या रस्त्यावर ती नगण्य ठरते. अल्टरनेटरचे तर असे, की दिवे आणि पंखा तेवढीच वीज मागत असतील तर शक्तीही जवळपास तेवढीच लागते.

तोटा मात्र नेमका कमी वेगाला जाणवतो. बदलापूरच्या कोंडीत, भर पावसात, दिवे, वायपर आणि एसी चालू ठेवून गाडी उभी आहे अशी कल्पना करा. इंजिनाचे मिनिटाला ८०० फेरे असताना अल्टरनेटर पूर्वी २००० फेरे घेत होता, आता १६०० घेईल. वीज अपुरी पडली तर बॅटरी उतरू लागेल. पंपही कमी पाणी फिरवील आणि इंजिन तापण्याचा धोका वाढेल.

घरच्या घरी ही पुली बदलणाऱ्याने आणखी एक गोष्ट जाणावी. अनेक गाड्यांत क्रँकची पुली दोन भागांची असते आणि मधल्या रबरामुळे क्रँकशाफ्टची पीळ देणारी कंपने शमतात. तिच्या जागी नुसती हलकी धातूची पुली आली तर कंपने शमत नाहीत आणि क्रँकशाफ्टला इजा होऊ शकते. लहान पुलीला पट्टाही आखूड लागतो. जुनाच ठेवला तर तो सैल पडून घसरतो.

गिरणीत जे घडले ते मोटारीतही घडत आहे. अनेक गाड्यांच्या स्टिअरिंगला आता विजेची मोटर असते. २००९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये तर उपकरणांचा पट्टाच नाही. पंप आणि कॉम्प्रेसर विजेवर, गरजेपुरतेच चालतात. इंजिनाच्या वेगाशी बांधलेले उपकरण कधी गरजेपेक्षा जास्त फिरते, कधी कमी. पुली लहान केल्याने ती गाठ सुटत नाही, फक्त सरकते.

वर्गात शिलाई यंत्राच्या मोठ्या आणि लहान चाकांचे व्यास मुलांना मोजू द्यावेत. मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात लहान चाकाचे किती फेरे होतील, हे त्यांनी आधी गणिताने काढावे आणि मग मोजून पाहावे.